सोळा एमबीची वेस: मोठ्या फ्लॅश चिपसाठी कर्नल ड्रायव्हर तयार करताना

बोर्डावरची १६ एमबीची नॉर फ्लॅश (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप) काढून तिच्या जागी ३२ एमबीची लावली. ड्रायव्हरमधल्या चिपच्या तक्त्यात एक ओळ वाढवली, आकार दुप्पट केला. बोर्ड सुरू झाला, चिप ओळखली गेली, आकारही ३२ एमबी दिसला. वरच्या अर्ध्या भागात एक फाइल लिहिली, परत वाचून ताडून पाहिली. बिट न् बिट जुळला. खूश होऊन बोर्ड रीस्टार्ट केला आणि तो उठलाच नाही. बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) जिथे असायला हवा तिथे माझीच फाइल जाऊन बसली होती.

मी तेव्हा अर्धा दिवस पॉवर सप्लायला शिव्या घालत बसलो होतो. दोष होता पत्त्यातल्या एका बाइटचा. मोठी फ्लॅश चालवायची म्हणजे तक्त्यातला आकार बदलायचा, असं या कामात नव्याने पडणाऱ्याला वाटतं. आकार हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे, बाकीचं कुठे कुठे अडतं ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं लिनक्सच्या एमटीडी या फ्लॅश चिप सांभाळणाऱ्या उपप्रणालीतली आहेत, पण यू-बूट (एक बूटलोडर) किंवा झेफरमध्ये (छोट्या उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम) काम करत असाल तरी चिप तीच आणि तिच्या खोडीही त्याच.

आधी भानगड समजून घ्या

एसपीआय, म्हणजे मोजक्या तारांच्या सीरियल जोडणीवरच्या, नॉर फ्लॅशशी बोलणं साधं असतं. चिप सिलेक्टची तार खाली ओढायची, एक बाइटचा ऑपकोड (कमांडचा क्रमांक) पाठवायचा, मग पत्ता, मग डेटा. वाचायचा ऑपकोड ०३ (इथून पुढे ऑपकोड आणि पत्ते सगळे हेक्समध्ये). पत्त्याचा मूळ रिवाज तीन बाइटचा, म्हणजे २४ बिट. २ चा २४ वा घात होतो १,६७,७७,२१६, म्हणजे बरोब्बर १६ एमबी. डेटाशीटवर हीच चिप १२८ मेगाबिटची म्हणून छापलेली असते. मेगाबिटला ८ ने भागायची सवय पहिल्या दिवसापासूनच लावून घ्या.

आता ३२ एमबीच्या चिपमध्ये वेशीपलीकडचा पहिला बाइट घ्या: ०१००००००. तीनच बाइट पाठवणारा ड्रायव्हर वरचा ०१ गाळतो आणि चिपकडे ०००००० पोहोचतो. कुठेही एरर येत नाही. चिपच्या लेखी तुम्ही शून्य पत्त्यावर इरेज करायला, म्हणजे पुसायला, सांगितलं, तिने केलं. परत वाचताना तोच ड्रायव्हर तोच बाइट पुन्हा गाळतो, त्यामुळे लिहिलेलं जसंच्या तसं परत येतं. चोरानेच चोराची साक्ष द्यावी तसा प्रकार. म्हणून या कामात ‘लिहिलं, वाचलं, जुळलं’ या चाचणीला शून्य किंमत आहे. खरी चाचणी कशी करायची ते शेवटी येईलच.

पायरी १: चिपला नाव विचारा, पण नावावर विसंबू नका

९एफ हा ऑपकोड पाठवला की चिप आपला आयडी सांगते. पहिला बाइट उत्पादकाचा, दुसरा प्रकाराचा, तिसरा बहुतेकदा क्षमतेचा. विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८ ही ईएफ ४० १८ असं उत्तर देते, डब्ल्यू२५क्यू२५६ ही ईएफ ४० १९. हेक्स १८ म्हणजे २४ आणि २ चा २४ वा घात १६ एमबी. हेक्स १९ म्हणजे २५, म्हणजे ३२ एमबी. छान जमतंय, मग आयडीवरूनच आकार काढावा असा मोह होतो.

करू नका. १९ च्या पुढे काय यावं यावर उत्पादकांचं एकमत नाही. मॅक्रॉनिक्सची ६४ एमबीची एमएक्स६६एल५१२३५ सरळ १ए सांगते. मायक्रॉनच्या आणि विनबाँडच्या ६४ एमबीच्या चिप १९ नंतर २० सांगतात, जणू दशमान पद्धतीने मोजतायत. तुमच्या कोडने हा २० हेक्स समजून ३२ केला आणि १ ला तितक्या वेळा डावीकडे सरकवलं, तर ६४ एमबीची चिप ४ जीबीची होते. किंवा ३२ बिटच्या इंटिजरवर ते सरकवणं सी भाषेत अवैधच असल्याने वाट्टेल ते होतं.

याहून वाईट म्हणजे एकच आयडी दोन वेगळ्या चिपना असू शकतो. मॅक्रॉनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ च्या ई आणि एफ या दोन्ही आवृत्त्या सी२ २० १९ असंच सांगतात. एफ आवृत्तीला चार बाइट पत्त्याचे वेगळे ऑपकोड कळतात, ई ला कळत नाहीत. लिनक्समध्ये त्यासाठी खास पळवाट लिहिलेली आहे: चिपच्या आतल्या माहिती-तक्त्यात चारही तारांवरून ऑपकोड, पत्ता आणि डेटा घेण्याची सोय नोंदवलेली दिसली तर ती एफ समजायची.

हा आतला तक्ता म्हणजे एसएफडीपी. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जेईएसडी२१६ या मानकात तो ठरवलेला आहे. ऑपकोड ५ए, पत्ता कायम तीन बाइटचा, मग आठ डमी क्लॉक (डेटा नसलेले नुसते ठोके) आणि सुरुवातीलाच एस-एफ-डी-पी ही चार अक्षरं आली की समजायचं तक्ता आहे. त्यातली दोन घरं आपल्या कामाची. मूळ तक्त्याच्या पहिल्या डबलवर्डमधले (३२ बिटच्या घरातले) १७ आणि १८ हे बिट सांगतात की चिप फक्त तीन बाइट पत्ता घेते, तीन-चार दोन्ही घेते, की फक्त चारच. दुसऱ्या डबलवर्डमध्ये क्षमता असते, तीही बिटमध्ये आणि एकने कमी. ३२ एमबीच्या चिपला तिथे ०एफएफएफएफएफएफएफ दिसेल. एक मिळवा, ८ ने भागा. चिप ४ गिगाबिट किंवा त्याहून मोठी असली की सर्वात वरचा बिट १ होतो आणि उरलेला आकडा थेट घातांक असतो. वरचा बिट न तपासता एक मिळवून मोकळा होणारा कोड मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलाय.

चालू लिनक्समध्ये हे सगळं स्वतः लिहावं लागत नाही. एसएफडीपी नीट असलेली चिप तक्त्यात नोंद नसतानाही चालू शकते. सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दिसते ती जागा) त्या एसपीआय डिव्हाइसखाली ‘एसपीआय-नॉर’ नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात जेडेक आयडी आणि एसएफडीपीचा कच्चा मजकूर मिळतो. तो हेक्सडंप करून जपून ठेवा, पॅच पाठवताना मागतातच.

पायरी २: चौथा बाइट कसा पाठवायचा ते ठरवा

वेस ओलांडायचे तीन रस्ते आहेत.

पहिला, बँक किंवा एक्स्टेंडेड अ‍ॅड्रेस रजिस्टर. पत्ता तीन बाइटचाच ठेवायचा आणि वरचा बाइट आधी एका रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचा. विनबाँडमध्ये ते लिहायचा ऑपकोड सी५, वाचायचा सी८. जुन्या कंट्रोलरशी जुळतो, पण प्रत्येक १६ एमबीच्या सीमेवर थांबून रजिस्टर बदलावं लागतं. सीमेच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे संपणारं एकच वाचन तोडून दोन करायला विसरलात की संपलं. दुसरा उपाय नसेल तरच या वाटेने जा.

दुसरा, चार बाइट मोड. बी७ पाठवला की चिप त्या क्षणापासून नेहमीच्याच ऑपकोडपुढे चार बाइटचा पत्ता अपेक्षिते, ई९ पाठवला की परत तीनवर येते. काही चिपना बी७ च्या आधी ०६, म्हणजे राइट एनेबल, द्यावा लागतो. तो न दिल्यास त्या बी७ कडे निमूटपणे दुर्लक्ष करतात. स्पॅन्शनच्या काही चिपमध्ये बी७ ऐवजी बँक रजिस्टरचा सर्वात वरचा बिट लावावा लागतो, ऑपकोड १७.

तिसरा, चार बाइटचे स्वतंत्र ऑपकोड. ०३ ऐवजी १३, ०बी ऐवजी ०सी, पेज प्रोग्रॅमसाठी (म्हणजे लिहिण्यासाठी) ०२ ऐवजी १२, ६४ केबीच्या इरेजसाठी डी८ ऐवजी डीसी, ४ केबीच्या इरेजसाठी २० ऐवजी २१. चिपचा मोड बदलत नाही, तिला काही लक्षात ठेवावं लागत नाही. जुने ऑपकोड तीन बाइट घेत राहतात, नवे चार.

चिपला जमत असेल तर डोळे मिटून तिसरा निवडा. लिनक्समध्ये एसएफडीपीतल्या ‘चार बाइट पत्ता सूचना’ तक्त्यावरून ते आपोआप ठरतं. तो तक्ता चिपमध्ये नसला, पण ऑपकोड चालतात असं डेटाशीट सांगत असेल, तर चिपच्या नोंदीत ‘फोर-बी ऑपकोड्स’चा फ्लॅग लावायचा. आग्रह का, ते पुढच्या पायरीत.

पायरी ३: रीसेटचा विचार आत्ताच करा

समजा तुम्ही दुसरा रस्ता धरला. कर्नलने बी७ पाठवला, सगळं मजेत चाललंय. मग वॉचडॉगने (सिस्टिम अडकली की रीसेट करणाऱ्या टायमरने) प्रोसेसर रीसेट केला. प्रोसेसर रीसेट झाला, पण फ्लॅशची वीज गेलीच नाही आणि तिच्या रीसेट पिनला कोणी हात लावला नाही. ती अजून चार बाइट मोडमध्येच आहे. प्रोसेसरच्या आतला बूट रॉम, म्हणजे बूटलोडर वाचून आणणारा पक्का कोड, मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने ०३ ०० ०० ०० पाठवतो आणि डेटाची वाट पाहतो. चिप चौथ्या बाइटची वाट पाहते.

लॉजिक अ‍ॅनालायझरवर (तारांवरचे बिट दाखवणाऱ्या उपकरणावर) हे दृश्य ओळखता आलं पाहिजे. पत्त्याचे तीन बाइट गेल्यावर पुढचे आठ क्लॉक चिप मुकाट असते, कारण तिच्या लेखी तो पत्त्याचाच भाग आहे. डेटाची तार तरंगती असल्याने प्रोसेसर तिथे बहुधा एफएफ वाचतो. त्यानंतर खरा डेटा येतो, एक बाइट उशिरा. म्हणजे शून्यापासून वाचलं तर सगळं एका घराने सरकलेलं. आणि ०००१०० पासून वाचायला गेलात तर चिप चौथा बाइट शून्य समजून ०००१०००० वरून द्यायला लागते.

उलटा घोळही होतो. चिप तीन बाइट मोडमध्ये आणि ड्रायव्हर चार पाठवतोय. ०३ ०० ०० १० ०० गेलं की चिप पत्ता ००००१० धरते आणि तुमच्या चौथ्या बाइटच्या वेळीच डेटा सोडायला लागते. पहिला बाइट हातातून निसटतो, तुम्हाला ००००११ पासून पुढचं मिळतं. वाचताना एवढंच नुकसान. पेज प्रोग्रॅममध्ये मात्र तो चौथा बाइटच डेटा म्हणून लिहिला जातो.

यावर उपाय, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

स्वतंत्र ऑपकोड वापरा. मोडच बदलला नाही तर परत आणायचा प्रश्नच नाही. बूट रॉमला पहिले १६ एमबीच दिसतात, म्हणून बूटलोडर वेशीच्या आत ठेवा.

ते जमत नसेल तर बोर्डाच्या डिझाइनमध्येच फ्लॅशची रीसेट पिन सिस्टिम रीसेटला जोडून घ्या. हार्डवेअरवाल्यांना हे आराखडा पक्का व्हायच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

तेही नसेल तर लिनक्समध्ये डिव्हाइस ट्रीत (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलीत) ‘ब्रोकन-फ्लॅश-रीसेट’ हा गुणधर्म देता येतो. मग कर्नल बंद होताना चिपला तीन बाइटवर परत आणलं जातं. पण सुरू होतानाच लॉगमध्ये स्पष्ट इशारा येतो की अनपेक्षित रीबूटमधून बोर्ड सावरेल याची खात्री नाही. बरोबरच आहे. कर्नल पॅनिक झाला, वॉचडॉग भुंकला, तर बंद होतानाचा कोड चालणारच नाही.

यातही एक खास खोडी आहे. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू२५६एफव्हीमध्ये चार बाइट मोडमधून बाहेर पडलं की एक्स्टेंडेड अ‍ॅड्रेस रजिस्टर १ होऊन बसतं. म्हणजे तुम्ही शहाण्यासारखा ई९ पाठवला, चिप तीन बाइटवर आली, आणि आता प्रत्येक वाचन दुसऱ्या १६ एमबीमधून होतंय. म्हणून तिथे ई९ नंतर ते रजिस्टर शून्य करावं लागतं, लिनक्सचा विनबाँडसाठीचा कोड ते करतो. स्वतःचा ड्रायव्हर लिहीत असाल तर हे विसरू नका.

काही चिपमध्ये वीज येतानाच चार बाइट मोडमध्ये जागं होण्यासाठी एक कायमस्वरूपी बिट असतो. बूट रॉमला चार बाइट समजतात हे तुम्ही स्वतः तपासलेलं नसेल तर त्या बिटाच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४: कंट्रोलरची कुवत

चिप तयार, ऑपकोड तयार, आणि मधला एसपीआय कंट्रोलरच म्हणतो की माझ्याकडे पत्त्यासाठी २४ बिटच आहेत. साधा, बाइटमागून बाइट ढकलणारा कंट्रोलर असेल तर अडचण नाही, त्याला पत्ता आणि डेटा यातला फरकच कळत नाही. फ्लॅशसाठी खास बनवलेल्या कंट्रोलरमध्ये मात्र पत्त्याची लांबी एका रजिस्टरमध्ये ठरवावी लागते. ड्रायव्हरमध्ये तिथे ३ हा आकडा ठोकून दिलेला सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

दुसरी जागा म्हणजे मेमरी-मॅप खिडकी. असे बरेच कंट्रोलर फ्लॅश थेट प्रोसेसरच्या पत्त्यांमध्ये दाखवतात, पण खिडकी चिपएवढी मोठी असेलच असं नाही. खिडकीबाहेरचं वाचन नेहमीच्या कमांडने करायचं, किंवा खिडकी पुढे सरकवायची. ड्रायव्हरने यातलं काहीच केलं नसेल तर पुन्हा तेच गुंडाळून मागे येणं.

पायरी ५: आकडेमोड

नॉर चिप अजून ४ जीबीपासून लांब आहेत, पण नँड (फ्लॅशचा दुसरा, जास्त क्षमतेचा प्रकार) केव्हाच तिथे पोहोचल्या. एमटीडीमध्ये आकार आधी ३२ बिटमध्ये होता. २.६.२९ पासून तो ६४ बिट झाला. पण तुमच्या हातातला जुना ड्रायव्हर तेवढा शहाणा आहे का, ते शोधायला हवं.

गुणाकार पाहा. ६४ केबीचा ब्लॉक गुणिले ६५,५३६ ब्लॉक, दोन्ही ३२ बिटचे. उत्तर शून्य. गुणल्यानंतर ६४ बिटच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून काही फायदा नाही, गुणायच्या आधी एकाला ६४ बिटमध्ये कास्ट करावं लागतं.

मास्क पाहा, हा जास्त बेरकी. ब्लॉकची सुरुवात काढायला पत्त्यावर ‘इरेजसाइज वजा एक’चा उलटा मास्क लावतात. पत्ता ६४ बिट, इरेजसाइज ३२ बिट आणि अनसाइन्ड. उलटा केलेला मास्कही ३२ बिटच राहतो, आणि ६४ बिटमध्ये जाताना त्याच्या वरच्या अर्ध्यात शून्यं भरली जातात. ४ जीबीच्या पुढचा पत्ता गुपचूप मागे येतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

भागाकार केला तर निदान आरडाओरडा होतो. ३२ बिट प्रोसेसरवर ६४ बिटचा साधा भागाकार लिहिला की लिंकर न सापडलेल्या फंक्शनची तक्रार करतो. कर्नलची ‘डिव-यू६४’सारखी फंक्शनं किंवा एमटीडीची स्वतःची इरेज-ब्लॉकने भागणारी मदतनीस फंक्शनं वापरा.

युजरस्पेसच्या बाजूने: माहिती विचारणाऱ्या जुन्या आयओसीटीएलमध्ये (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला करायच्या कॉलमध्ये) आकार अजूनही ३२ बिटच आहे, तो बदलला तर जुने प्रोग्रॅम मोडतील. आकार सिसएफएसमधून वाचा आणि इरेजसाठी ६४ बिटचा आयओसीटीएल वापरा.

कच्च्या नँडमध्ये सोळा एमबीची गोष्ट वेगळ्या आकड्याने पुन्हा घडते. पेज क्रमांक दोन बाइटमध्ये गेला तर ६५,५३६ पेज, २ केबीच्या पेजला १२८ एमबी. त्यापुढे पत्त्याचं तिसरं रो सायकल, म्हणजे पेज क्रमांकाचा तिसरा बाइट, लागतं.

पायरी ६: वेळ

मोठी चिप पूर्ण पुसायला जास्त वेळ लागतो. जुन्या चिपवर पुरेसा असलेला टाइमआउट नव्या चिपवर अर्ध्यात तुटतो, आणि पुसणं चालू असतानाच ड्रायव्हर एरर देऊन पुढची कमांड पाठवतो. लिनक्स दर २ एमबीला ४० सेकंद धरतं, म्हणजे ३२ एमबीला ६४० सेकंदांची मुदत. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात चिप त्याच्या कितीतरी आधी मोकळी होते. एका पॅकेजमध्ये एकावर एक रचलेल्या डाय (सिलिकॉनचे तुकडे) असलेल्या मायक्रॉनच्या काही मोठ्या चिपना अख्खी चिप पुसायची सी७ कमांडच नसते. एकेक डाय सी४ ने पुसावी लागते, किंवा सरळ ब्लॉकने पुसत जायचं.

पायरी ७: अशी तपासा

आधी अख्ख्या फ्लॅशची प्रत घ्या आणि बाहेरून लिहिणारा प्रोग्रॅमर हाताशी ठेवा. बूटलोडर दुसरीकडून, उदाहरणार्थ एसडी कार्डावरून, येत असेल तर उत्तम.

मग सगळी चिप पुसा. ३२ एमबीमध्ये ६४ केबीचे ५१२ ब्लॉक, ० ते ५११. प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीला त्याचाच क्रमांक चार बाइटमध्ये लिहा. सगळे लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करा, मधे नाही. पत्ता गुंडाळला जात असेल तर मजा बघा: नॉरमध्ये लिहिणं म्हणजे फक्त १ चा ० करणं, त्यामुळे ब्लॉक १ वर आधी १ आणि नंतर २५७ लिहिलं की दोन्हींत सामाईक असलेला बिटच उरतो, म्हणजे १. खालचा अर्धा भाग ठणठणीत दिसतो. पण ब्लॉक २५७ वाचायला गेलात की तिथेही १ निघतो, २५६ मध्ये ० निघतो. तिथे चोर सापडला.

नंतर सीमेच्या अलीकडे ४ केबी आणि पलीकडे ४ केबी असं एकच ८ केबीचं वाचन करा आणि तेच दोन तुकड्यांत वाचून ताडा. पहिल्या रस्त्याने गेला असाल तर हे हमखास करा.

शेवटी रीसेट, आणि तोही तीन प्रकारे. वीज काढून लावा. नेहमीसारखं रीबूट करा. मग फ्लॅशवर लिहिणं चालू असताना सिसआरक्यूच्या ‘बी’ने (कर्नलला तत्काळ रीबूट करायला लावणाऱ्या कमांडने) किंवा वॉचडॉगने बोर्ड आपटा. तिसरा प्रकार पाच-दहा वेळा करा. पहिल्या दोन्हीत पास होऊन तिसऱ्यात मेलेला बोर्ड आला तर पायरी ३ वर परत या. बहुधा कुठेतरी बी७ गेलाय आणि ई९ पाठवायला कोणी जिवंत राहिलेलं नाही.